मतदार कार्डावर हिमालय!

कारंजा तालुक्यातल्या धनजमध्ये डोंगराचा विषय निघाला की गाडी चिखलदऱ्याच्या पुढे सहसा जात नाही. खरं तर भुसावळला गोरखपूरची रेल्वे धरली आणि गोरखपूरहून सुनौलीची बस पकडली, की नेपाळ दारात! हिमालयात चालायला दम लागतो, पण त्याआधी लागतात कागद. त्या कागदांच्या या भन्नाट गोष्टी.

व्हिसा? नावच नको!
भारत आणि नेपाळ यांच्यात 31 जुलै 1950 रोजी मैत्री करार झाला. भारतीयांना नेपाळला जायला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तरी निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र पुरतं. मूळ कार्ड मात्र जवळ हवं, झेरॉक्सवर भागत नाही.

आजीचं आधार चालतं, बाबांचं नाही
भारतात सगळीकडे चालणारं आधार कार्ड नेपाळच्या प्रवासात फक्त 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्या भारतीयांना कामी येतं. म्हणजे आजी आणि नातू आधारवर निघू शकतात, मधल्या पिढीला पासपोर्ट किंवा मतदार कार्ड हवंच. 15 ते 18 वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांनी दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र चालतं.

अमेरिकेतला भाचा मात्र रांगेत
भाच्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर त्याला नेपाळचा व्हिसा काढावाच लागतो. 15 दिवसांचे 30 डॉलर, 30 दिवसांचे 50 आणि 90 दिवसांचे 125. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं भारताचं ओसीआय कार्ड दाखवून सुटका होत नाही.

शेजाऱ्याला सवलत
व्हिसा नाही म्हणून परमिटही नाही, असं समजू नका. एव्हरेस्ट बेस कॅम्पची वाट सगरमाथा राष्ट्रीय उद्यानातून जाते. तिथं इतर परदेशी पाहुण्यांना 3000 नेपाळी रुपये प्रवेश शुल्क आहे, तर भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना 1500. वर 13 टक्के व्हॅट. अन्नपूर्णा परिसरात तर परदेशी पाहुण्यांना 3000 आणि आपल्याला फक्त 1000! 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी रुपये, हा दर 1993 पासून ठरलेला आहे. हिशोब तोंडी करता येतो.

खिडकीवरचं काम
काठमांडूत भृकुटीमंडपाजवळ नेपाळ पर्यटन मंडळाचं कार्यालय आहे. अर्ज भरायचा, पासपोर्ट आकाराचे फोटो जोडायचे, नेपाळी रुपयांत पैसे भरायचे आणि परमिट घेऊन बाहेर पडायचं. अन्नपूर्णेचं परमिट आधी न काढता थेट वाटेवरच्या चौकीवर मागितलं, तर दुप्पट पैसे पडतात. वाटेवर मोंजो, बिरेठांटी अशा ठिकाणी परमिट तपासून नोंद करतात. वादळात कुणी हरवलं, तर तो शेवटचा कुठून पुढे गेला हे याच नोंदींतून कळतं. म्हणून चौकी चुकवून जाण्यात कसलीच हुशारी नाही.

घड्याळ पुढे, शनिवारी सुट्टी
नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे असतं, कारण त्यांची प्रमाणवेळ गौरीशंकर शिखराजवळून जाणाऱ्या रेखांशावर बेतली आहे. सरकारी कचेऱ्या शनिवारी बंद. शुक्रवारी रात्री काठमांडूत उतरणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

एव्हरेस्टला वयाची अट
नेपाळच्या बाजूनं एव्हरेस्ट चढायला किमान 16 वर्षं वय लागतं. शेजारच्या तेलंगणातली मालावत पूर्णा 2014 मध्ये 13 व्या वर्षी शिखरावर पोहोचली, ती तिबेटच्या बाजूनं. आपल्या विदर्भाचाही झेंडा तिथं लागला आहे! 2018 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. नेपाळकडून वसंतातल्या चढाईचं परमिट सप्टेंबर 2025 पासून माणशी 11,000 वरून 15,000 डॉलर झालं आहे.

खोट्याला दहा वर्षांची बंदी
एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचल्याचं प्रमाणपत्र बनावट फोटोंच्या जोरावर मिळवल्याबद्दल पुण्याच्या पोलीस दलातल्या एका जोडप्यावर नेपाळनं 2016 मध्ये दहा वर्षांची गिर्यारोहणबंदी घातली. डोंगर प्रामाणिक माणसाचाच, हे तिथलं सरकारही मानतं.

भूतानमध्ये शिखरं देवांची
भूतानलाही भारतीयांना मतदार कार्ड चालतं. मात्र प्रवेश परमिट आणि माणशी प्रत्येक रात्रीचे 1200 रुपये शुल्क आहे. ट्रेक करा, पण शिखर चढायचं नाही! 2003 पासून तिथं गिर्यारोहणाला पूर्ण बंदी आहे. म्हणूनच 7570 मीटरचं गांखर पुएनसुम आजही कुणी सर केलेलं नाही.

देश आपला, तरी परवाना
अरुणाचलच्या डोंगरांत जायला आपल्यालाही इनर लाइन परमिट लागतं. त्याचं मूळ 1873 च्या, इंग्रजांच्या काळातल्या कायद्यात आहे.

शुल्कं आणि नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर खात्री करून घ्या. आणि धनजच्या ज्या पोरापोरींना नुकतं अठरावं पूर्ण झालं आहे, त्यांनी नमुना 6 भरून मतदार यादीत नाव घालाच. मतदानाचा हक्क तर मिळेलच, शिवाय त्याच कार्डावर हिमालयाची वाटही खुली होईल.