फिरकी का गुंतते?

गळाच्या काठीवरचे आडवे रीळ भल्याभल्यांना चारचौघांत खजील करते. मोठ्या झोकात काठी फेकावी, आमिष दहा हातांवर पडावे आणि रिळात संक्रांतीच्या मांज्यासारखा गुंता व्हावा! काठावरची मंडळी मग एकमताने रिळाला दोष देतात. मला ते पटत नाही.

कारण साधे आहे. समोरून वारा असला की आमिष हवेत मंदावते. फिरकी मात्र पहिल्याच झपाट्याने फिरत राहते. सुटलेल्या दोरीला जायला वाटच नसते. म्हणून अंगठा फिरकीवर हलका टेकलेला असावा, आणि आमिष पाण्याला लागताच त्याने फिरकी थांबवावी. ही दाबाची विद्या डग्ग्यावरच्या तळव्यासारखी; पुस्तकातून येत नाही. अंगठ्याच्या मदतीला बाजूची चावी आहे. आमिष काठीच्या टोकाला लोंबते ठेवून ती इतकीच सैल करावी, की आमिष सावकाश उतरेल आणि जमिनीला टेकताच फिरकी थांबेल. आमिष बदलले की चावी पुन्हा लावायची. गायक बदलला की तंबोरा नव्याने लावतोच ना आपण?

या रिळाचे कूळ घड्याळजींचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या केंटकीत अशी रिळे घडवणारा जॉर्ज स्नायडर घड्याळजीच होता. 1952 साली ‘अँबॅसडर’ हे नामांकित रीळ काढणारा स्वीडनचा ‘आबू’ कारखानाही आधी घड्याळे बनवीत असे. तेव्हा रिळाला घड्याळासारखेच वागवावे. आपल्याकडे लोक त्याला शिवणयंत्र समजून तेलाने न्हाऊ घालतात! मग नर्मदेची बारीक रेती त्या तेलात बसते आणि बेअरिंग खाते.

मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट नद्यांत मासेमारीला बंदी असते. मासे तेव्हा अंडी घालतात. रीळ उघडायला हाच मुहूर्त उत्तम. सुटे भाग काढलेल्या क्रमानेच कापडावर मांडावेत. बेअरिंग धुऊन, वाळवून त्यात पातळ तेलाचा एकच थेंब. गिअरना ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकेच. दोरी सारखी पसरवणाऱ्या आट्यांच्या दांड्यात कचरा दडतो, तो जुन्या दातांच्या ब्रशने काढावा. ब्रेकच्या गुटक्यांना मात्र तेलाचा स्पर्श नको. ते घर्षणावरच चालतात. आवरताना चांदणीच्या आकाराचे चाक सैल सोडावे, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात.

पुढे कानाने पारख करावी. फिरकी मोकळी फिरवताना बारीक किरकिर आली, तर बेअरिंग कोरडे आहे. मूठ फिरवताना खरखर आली, तर गिअरमध्ये रेती आहे. अशा वेळी जोर लावू नये, पुन्हा उघडावे.

राहिला गुंता. तो सुटेना, तर कापावाच लागतो. पण कापलेले नायलॉन खिशात घालून घरी आणावे. ते पाण्यात कुजत नाही, आणि पक्ष्याच्या पायात अडकले तर सुटत नाही. आपल्या यशवंत सागरावर सारस उतरतात.