तोडीपासून काहिलीपर्यंत

करवीर तालुक्यात एकाच रस्त्याला समोरासमोर दोन गुऱ्हाळं आहेत. ऊस एकाच शिवारातला, पाणी पंचगंगेचंच, रस आटवायच्या काहिलीही सारख्याच. तरी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात सौदे निघाले की डावीकडच्या गुळाला दर चढा मिळतो. जानेवारीत मी दोन्हीकडे एकेक दिवस बसून काढला.

डावीकडे पहाटे चारला घाणा सुरू झाला. ऊस आदल्या संध्याकाळी तोडलेला. उद्या गाळायचा तेवढाच आज तोडायचा, हा तिथला नेम. कोयता लागल्यापासून उसातली साखर मोडू लागते, तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. अशा उसाचा गूळ नीट धरत नाही आणि पावसाळ्यात पाघळतो. समोरचा ऊस तीन दिवस उन्हात पडून होता. ऊसतोडीची टोळी हाताला लागली तेव्हा अख्खा फडच पाडून घेतला होता. त्या मालकाला मी दोष देणार नाही. हंगामात टोळ्या साखर कारखान्यांकडे जातात, मिळेल तेव्हा तोड उरकावी लागते. डावीकडच्यानं मात्र चार घरची माणसं वर्षभर शेतात कामाला ठेवली आहेत. खर्च तिथेच वाढतो, आणि फरकही तिथेच पडतो.

दुसरा फरक गुळव्याचा, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराचा. भेंडीचं पाणी घातल्यावर मळी वर येते. डावीकडचा गुळव्या झाऱ्यानं ती पुन्हापुन्हा काढत राहिला, जाळ कमी करायला दोनदा ओरडला. रस आटून पाक झाला, तसं त्यानं बोट गार पाण्यात बुडवून काहिलीतला थेंब उचलला, पाण्यात वळून गोळी केली आणि काठावर आपटली. टण्ण वाजली. "आता उतरवा," तो म्हणाला. ही वेळ ११८ अंशांच्या आसपास येते, पण तिथे कुणाकडे थर्मामीटर नव्हता. त्याला हंगामाचा पगार ठरलेला आहे. समोरच्याला आदणामागे, म्हणजे काहिलीच्या दर खेपेमागे पैसे मिळतात, म्हणून मळी पुरती निघण्याआधीच त्याचं लक्ष पुढच्या आदणाकडे. त्याचा हातही तयारीचा आहे, त्याला थांबायला परवडत नाही एवढंच.

उजवीकडच्या मालकानं गेल्या वर्षी नवी काहील घेतली, चुलवाणही समोरच्यासारखं बांधलं. तरी दर तिथेच राहिला. यंदा त्यानं गुळव्याला विचारलंय, "पुढचा हंगाम पगारावर राहतोस का?"

गुळव्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.