‘अ‍ॅप डाउनलोड करावे’ म्हणजे नेमके काय करावे?

‘सातबारा’ हा शब्द मराठी शेतकऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही. ‘इन्स्टॉल’ मात्र शिकवावा लागतो; आणि गंमत अशी, की आता पहिल्याचे काम दुसऱ्यावाचून अडते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावर पीक लिहिण्याचे जे काम तलाठ्याकडे होते, ते शेतकऱ्याने बांधावर उभे राहून, पिकाचा फोटो काढून स्वतः करायचे. कल्पना उत्तमच. कचेरीत बसून उरकलेली पीक पाहणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे मोल सांगायला नको.

पण जरा सुरगाण्याकडे चला. गुजरातच्या सीमेला टेकलेला, डोंगरदऱ्यांचा हा आदिवासी तालुका. भात, नागली, वरई ही इथली पिके. पाड्यापाड्यांवर मोबाइलची रेंज टेकडी चढून शोधायची. इथे ‘प्ले स्टोअरवरून अ‍ॅप डाउनलोड करून नोंदणी करावी’ एवढी ओळ फळ्यावर लिहिली, की काम झाले असे कसे म्हणावे?

त्या एका ओळीत केवढे दडले आहे पाहा! प्ले स्टोअरला गुगलचे खाते लागते. ते दुकानदाराने उघडून दिलेले, पासवर्ड त्यालाच ठाऊक. मोबाइल लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेला, म्हणजे जागा नाही. हे सारे पार पडलेच, तर अ‍ॅप विचारते, कॅमेरा वापरू का? तुमचे ठिकाण पाहू का? नवखा माणूस घाबरून ‘नको’ म्हणतो आणि मग फोटोच निघत नाही. पुढे ‘अक्षांश-रेखांश मिळवा’ असे बटण येते. शाळेतला भूगोल अचानक शेतात!

खरी मेख रेंजची आहे. नोंदणीचा संकेतांक यायला रेंज हवी. फोटो मात्र रेंजशिवाय काढून ठेवता येतो, नंतर अपलोड करता येतो. म्हणजे बाजाराच्या गावी अ‍ॅप घ्या, तिथेच नोंदणी करा, मग शेतात जा, पुन्हा रेंजमध्ये या. हा क्रम सूचनेच्या अगदी वर, ठळक हवा. शेजाऱ्याच्या मोबाइलवरूनही आपली नोंद होते, हेही सांगायला हवे. अन्यथा सातबाऱ्यावर पीक कोरे राहते आणि नुकसानभरपाई किंवा हमीभावाने भातविक्रीची वेळ आली, की धावपळ होते.

आणखी एक. सरकारी योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एपीके’ फाइल पाठवून बँकखाती रिकामी करण्याचे प्रकार घडले आहेत. तेव्हा ‘लिंकवरून घेऊ नका’ हे वाक्य सूचनेत असलेच पाहिजे.

सूचना चांगली झाली का, हे अधिकाऱ्याने ठरवू नये. ज्याने कधीच अ‍ॅप घेतलेले नाही अशाच्या हाती कागद द्यावा आणि गप्प बसावे. जिथे त्याचे बोट थांबेल, तिथे एक ओळ वाढवावी. २०२२च्या आवृत्तीपासून चुकलेली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची सोय झाली. असली ओळ कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत नको.