नेपाळ ट्रेक ठरवताय? मग धोका नेमका कुठे आहे ते आधी पाहा

सप्टेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात काठमांडूतली संसद जळतानाचे व्हिडिओ मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. नेपाळ सरकारने ४ सप्टेंबरला फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबसह २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. ८ तारखेला तरुण रस्त्यावर उतरले आणि त्या एका दिवसात किमान १९ जणांचा जीव गेला. ९ तारखेला पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. त्याच दिवशी बंद झालेला त्रिभुवन विमानतळ १० तारखेच्या संध्याकाळी उघडला. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने नागरिकांना नेपाळचा प्रवास पुढे ढकलायला सांगितलं.

हे घडलं तेव्हा दिवाळीची सुट्टी दीड महिन्यावर होती. मुंबईच्या उपनगरांमधले ट्रेकर एव्हरेस्ट बेस कॅम्प किंवा अन्नपूर्णाला जायचे बेत याच सुट्टीसाठी आखतात. त्यामुळे "जायचं की रद्द करायचं?" हा प्रश्न ग्रुपवर येणं साहजिकच होतं.

पण नेपाळमध्ये पर्यटकाला धोका कशाचा असतो, असं विचारलं तर आंदोलन हे त्याचं पहिलं उत्तर नाही. त्या आठवड्यातला हिंसाचार मुख्यतः काठमांडू आणि इतर शहरांत होता. नामचेत किंवा मनांगमध्ये असलेल्या ट्रेकरची मोठी अडचण होती ती परत येण्याची. विमानतळ बंद, शहरात संचारबंदी, आणि खिशातले पैसे व औषधं मोजून आणलेली. अशा अडचणीवरचा उपाय तुलनेने सोपा आहे: दोन-तीन दिवस जास्तीचे, थोडी जास्तीची रोकड, रोजच्या गोळ्यांचा आठवडाभराचा वाढीव साठा. खरा हिशेब लागतो तो रस्ता, छोटी विमानं आणि उंची यांचा, आणि या गोष्टी बातम्यांमध्ये फार क्वचित येतात.

महाराष्ट्राला चटका लावणारे दोन अपघात

२३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखराहून काठमांडूकडे निघालेली भाविकांची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. २७ जणांचा मृत्यू झाला. त्यातले बहुतेक जळगाव जिल्ह्यातले होते, देवदर्शनाला निघालेले. ना ते गिर्यारोहक होते, ना कुठल्या साहसाला निघाले होते. त्याच्या सहा आठवडे आधी, १२ जुलैला, चितवन जिल्ह्यात सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या आणि त्यांत साठहून अधिक प्रवासी होते.

काठमांडू ते पोखरा हे अंतर साधारण २०० किलोमीटर. मुंबई-पुण्याच्या सवयीने पाहणाऱ्याला ते चार तासांचं वाटतं. प्रत्यक्षात रुंदीकरण, दरडी आणि एका बाजूला नदी यांमुळे सात-आठ तास सहज जातात, पावसाळ्यात त्याहून जास्त. रात्रीच्या बसने एका हॉटेलचं भाडं वाचतं हे खरं, पण या रस्त्यावर तो सौदा महागात पडू शकतो. दिवसाची टुरिस्ट बस घ्यावी आणि जून ते सप्टेंबर हा काळ शक्यतो टाळावा. सप्टेंबर संपला म्हणजे पाऊस संपला, असंही समजू नये. २०२४ मध्ये २६ ते २८ सप्टेंबरच्या अतिवृष्टीत काठमांडू आणि आसपासच्या भागात दोनशेहून अधिक लोक गेले, आणि राजधानीकडे येणाऱ्या महामार्गावर दरडीखाली गाड्या गाडल्या गेल्या.

दुसरा अपघात आकाशातला. २९ मे २०२२ रोजी पोखराहून जोमसोमला निघालेलं तारा एअरचं ट्विन ऑटर विमान मुस्तांग जिल्ह्यातल्या डोंगरावर आदळलं. विमानातले सगळे, म्हणजे २२ जण, मृत्युमुखी पडले. त्यात ठाण्याचं चार जणांचं कुटुंब होतं. हे उड्डाण जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचं असतं. पुढच्याच वर्षी, १५ जानेवारी २०२३ ला, पोखराच्या नव्या विमानतळावर उतरताना यती एअरलाइन्सचं विमान पडलं आणि ७२ जण गेले. युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ मध्ये नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना आपल्या काळ्या यादीत टाकलं, आणि दहा वर्षांनंतरही ती बंदी उठली नव्हती.

मग विमानाने जायचंच नाही का? लुक्लाला जाणाऱ्याला हा पर्याय फारसा सोयीचा नाही. रस्त्याने गेलं तर जिरी किंवा सल्लेरीच्या बाजूने काही दिवस जास्त चालावं लागतं. ज्यांच्याकडे सुट्टी आहे त्यांनी तो मार्ग जरूर विचारात घ्यावा, कारण त्यात शरीरही हळूहळू उंचीला रुळतं. विमानच घ्यायचं असेल तर सकाळचं पहिलं उड्डाण घ्यावं. लुक्लाची धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब आणि उताराची आहे. दिवस चढतो तसे डोंगरात वारे आणि ढग वाढतात. वैमानिक "आज नाही" म्हणाला तर काउंटरवर वाद घालणाऱ्यांत आपण नसावं. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते म्हणून उपनगरातली कुटुंबं तेव्हा निघतात, पण मेच्या अखेरीस पावसाळी ढग जमायला लागलेले असतात. हवामानाचा विचार केला तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उजवा.

कळसूबाई केलंय, मग काय?

उपनगरातला ट्रेकर तयार नसतो असं कोणी म्हणणार नाही. शेवटची कसारा लोकल पकडून रात्रीत चढाई करणारी, कान्हेरीच्या पायऱ्या किंवा येऊरचा चढ आठवड्याला घासणारी मंडळी दमदार असतात. घोळ होतो तो इथेच. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. नामचे बाजार ३,४४० मीटरवर आहे आणि तो एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरचा जेमतेम दुसरा मुक्काम. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन अंधेरीच्या तुलनेत साधारण निम्मा असतो.

दम आणि उंचीला रुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही उंचीचा आजार होतो. उलट तो जोरात चढतो म्हणून त्याला लवकर होऊ शकतो. शरीराला जास्त श्वास घ्यायची, रक्ताची रचना बदलायची सवय लागायला दिवस लागतात आणि हे दिवस व्यायामाने कमी होत नाहीत. म्हणून जगभर एक साधा नियम पाळतात: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत सुमारे ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच गावात थांबायचं. चांगल्या आखणीत म्हणूनच नामचेला एक आणि ४,४१० मीटरवरच्या दिंगबोचेला एक असा मुक्काम ठेवलेला असतो.

सुरुवातीची लक्षणं दारू न पिता हँगओव्हर व्हावा तशी असतात. डोकं दुखतं, मळमळतं, भूक मरते, झोप लागत नाही. हे दिसलं तर वर जायचं नाही, आहे तिथे थांबायचं. थांबूनही वाढलं तर खाली उतरायचं. बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता आलं नाही, तर मेंदूला सूज येत असू शकते. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून गुलाबी फेस आला, तर फुप्फुसात पाणी भरतंय. या दोन्ही अवस्थांत सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच उतरायचं. कधीकधी पाचशे-हजार मीटर खाली आलं तरी माणूस सावरतो. डायमॉक्स या गोळीने रुळायला मदत होते, पण ती घेतली म्हणून भरभर चढायची मुभा मिळत नाही, आणि सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

याहून दुर्लक्षित गट म्हणजे आईवडील. मुक्तिनाथला महाराष्ट्रातून वयस्क भाविकांच्या सहली जातात. पोखरा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर. जीपने किंवा जोमसोमपर्यंत विमानाने हे अंतर एक-दोन दिवसांत कापलं जातं. "चालायचं कुठे आहे, गाडीच जाते" या समजुतीने ट्रेकरच्याही नसलेल्या वेगाने साठी-सत्तरीची माणसं वर पोचतात. रक्तदाब, हृदयविकार किंवा फुप्फुसाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलायला हवं, आणि टूरवाल्याला एक प्रश्न विचारायला हवा: वाटेत, अडीच हजार मीटरच्या आसपास, एक रात्र थांबणार का? "गरज नाही, सगळे जातात" असं उत्तर आलं तर दुसरा टूरवाला शोधावा.

सुट्टीच्या गणितातून तयार होणारा धोका

बहुतेक वाईट निर्णय डोंगरावर होत नाहीत. ते घाटकोपरमध्ये, सुट्टीचा अर्ज भरताना झालेले असतात. नऊ दिवस रजा, दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार, परतीचं विमान रविवारी रात्री, सोमवारी सकाळी ऑफिस. लुक्ला ते लुक्ला बेस कॅम्पचा ट्रेक नीट करायचा तर बारा दिवस धरतात. त्यातून मुक्कामाचे दिवस कापले की पॅकेज स्वस्त होतं आणि रजेतही बसतं. मग तिसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागतं तेव्हा थांबायला दिवसच शिल्लक नसतो. ग्रुपला उशीर होईल म्हणून माणूस डोकेदुखी लपवतो. लुक्लात ढग असले की परतीचं विमान चुकणार या धास्तीने कोणीही, काहीही पैसे मागेल तसे देऊन हेलिकॉप्टर शोधतो.

दोन मोकळे दिवस आणि तारीख बदलता येणारं परतीचं तिकीट, एवढ्याने हा दबाव बराच कमी होतो. ते जमत नसेल तर बेस कॅम्प पुढच्या वर्षावर टाकून घोरेपानी-पूनहिलसारखा कमी उंचीचा ट्रेक करण्यात काहीच कमीपणा नाही. पूनहिल सुमारे ३,२०० मीटर आहे आणि सूर्योदय तिथूनही तोच दिसतो.

विमा आणि हेलिकॉप्टर

घरच्या आरोग्य विम्यावर विसंबून निघणारे बरेच असतात. अशा अनेक पॉलिसी भारताबाहेर चालत नाहीत. प्रवास विमा घेतला तरी त्यात ट्रेकिंगला उंचीची मर्यादा असू शकते, किंवा ते साहसी खेळांत मोडतं म्हणून वगळलेलं असू शकतं. पॉलिसीच्या कागदात दोन गोष्टी लेखी सापडल्या पाहिजेत: आपल्या ट्रेकच्या सर्वांत उंच जागेएवढी उंची, आणि हेलिकॉप्टरने सुटका.

नेपाळमध्ये २०१८ साली हेलिकॉप्टर सुटकेतला घोटाळा उघडकीस आला. किरकोळ त्रास असलेल्या ट्रेकरना घाबरवून हेलिकॉप्टर बोलवायचं, एका फेरीची बिलं अनेक विमा कंपन्यांना लावायची आणि ती रक्कम एजंट, ऑपरेटर व रुग्णालयांत वाटून घ्यायची, असे आरोप झाले. काही प्रकरणांत जेवणात काही मिसळून आजारी पाडल्याचेही आरोप होते. परदेशी विमा कंपन्यांनी नेपाळचा विमाच बंद करण्याचा इशारा दिला होता. म्हणून शुद्धीवर असाल तर हेलिकॉप्टरला होकार देण्याआधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. मात्र गुलाबी फेस किंवा गोंधळलेलं बोलणं दिसत असेल तर घोटाळ्याची चिंता बाजूला ठेवून मिळेल त्या साधनाने खाली यावं.

रद्द कधी करायचं?

परराष्ट्र मंत्रालयाचे सल्ले बहुधा घटना घडल्यावर, त्या घटनेपुरते येतात. अमेरिकेसारखी देशांची एक ते चार अशी कायमची श्रेणी भारत लावत नाही. त्यामुळे काठमांडूच्या लैनचौरमधल्या भारतीय दूतावासाची घोषणा पाहावी आणि जोडीला ब्रिटिश सरकारचं नेपाळवरचं पान वाचावं. त्यात आंदोलनांबरोबर उंची, विमानं आणि हेलिकॉप्टरच्या फसवणुकीवरही लिहिलेलं असतं. मंत्रालयाने "जाऊ नका" म्हटलं असेल तर विषय संपला. तशा वेळी गेल्यास विम्याचा दावाही अडकू शकतो. तसा सल्ला नसेल तर काठमांडूतल्या एका मोर्चाच्या रीलपेक्षा पोखरा रस्त्यावरच्या दरडी आणि आठवड्याचा हवामान अंदाज जास्त कामाचा.

कागदपत्रांचं एक: विमानाने जाताना प्रौढ भारतीयाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार कार्ड चालत नाही. १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या प्रवाशांना थोडी सवलत आहे. गाइड परवानाधारक असावा. २०२३ च्या एप्रिलपासून नेपाळने परदेशी ट्रेकरना तसा गाइड बंधनकारक केला आहे, जरी एव्हरेस्टच्या भागात स्थानिक पातळीवर हा नियम सैलपणे पाळला जातो.

निघण्यापूर्वी घरच्यांकडे एक कागद द्यावा: रोजच्या मुक्कामाचं गाव, गाइडचा नेपाळी नंबर, पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचा चोवीस तासांचा फोन, रक्तगट. वरच्या गावांत नेटवर्क दोन-दोन दिवस जातं, हेही त्यांना आधीच सांगावं, म्हणजे निळी टिक आली नाही म्हणून रात्री दूतावासाला फोन जाणार नाहीत. आणि बेस कॅम्पच्या वाटेवर फेरीचेमार्गे जाणार असाल तर हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या दवाखान्यात हंगामात दुपारी उंचीच्या आजारावर डॉक्टर बोलतात, तिथे तासभर बसावं. डोकं दुखत असेल तर ते लपवायची गरज नसलेली ती जागा आहे.