कमी पैशांत फुटबॉल शिकलेला प्रशिक्षक

भारतीय फुटबॉल पाहणाऱ्यांना इगोर स्टिमॅक हे नाव नवं नाही. १९९८च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या बचावफळीतला हा खेळाडू मे २०१९ ते जून २०२४ भारताचा मुख्य प्रशिक्षक होता. क्रोएशियाची लोकसंख्या जेमतेम ३९ लाख. एकट्या नाशिक जिल्ह्याची २०११च्या जनगणनेत ६१ लाख भरली होती. एवढासा देश २०१८ला विश्वचषकात दुसरा येतो, २०२२ला पुन्हा तिसरा, आणि वर जगाला प्रशिक्षकही पुरवतो. आपण मात्र २०१२मध्ये गोव्याचे सावियो मेडेरा गेल्यापासून तेरा वर्षं डच, इंग्रज, क्रोएशियन, स्पॅनिश असे पाहुणेच बोलावत राहिलो. ही रांग ऑगस्ट २०२५मध्ये खंडित झाली. भारतीय संघाची सूत्रं खालिद जमील यांच्याकडे आली.

जमील यांचा जन्म १९७७चा, कुवेतमधला; पण त्यांचा फुटबॉल मुंबईचा. एअर इंडिया, महिंद्रा युनायटेड, मग मुंबई एफसी, असा हा मधल्या फळीतला खेळाडू. भारताकडूनही खेळले. दुखापतींनी मात्र पाठ सोडली नाही, आणि २००९मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीच, ज्या क्लबात खेळाडू म्हणून आले होते त्याच मुंबई एफसीचे ते प्रशिक्षक झाले.

त्यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथून थेट आयझॉलच्या विजेतेपदावर उडी मारतात. मला मुंबईतली ती सात वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. मुंबई एफसीकडे ना पैसा, ना नावाजलेले खेळाडू. कूपरेजचं मैदान दुरुस्तीला गेलं तेव्हा ‘घरचे’ सामने खेळायला पुण्याला, बालेवाडीला जावं लागे. मोठा करंडक एकही आला नाही. पण जमील असेपर्यंत हा संघ आय-लीगमधून, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमधून, कधी खाली घसरला नाही. ते गेले आणि पुढच्याच मोसमात घसरला. आपल्याकडे चार सामने हरले की प्रशिक्षकाच्या हाती नारळ देतात. अशा रिवाजात एका तरुणाला सात वर्षं एकाच जागी शिकायला मिळाली, हेच नवल.

तिथं त्यांनी जो खेळ बसवला तो गरजेतून आला. चेंडू स्वतःकडे राखायला उत्तम खेळाडू लागतात, ते महाग पडतात. म्हणून चेंडू समोरच्याला द्यायचा, जागा द्यायची नाही. आपल्या गोलक्षेत्रापुढे चार-चार जणांच्या दोन ओळी, दोन्हींत मोजक्या पावलांचं अंतर. समोरचा संघ आडवे पास देत राहतो, वैतागतो, चूक करतो. चेंडू मिळाला की थेट लांब पास, नाहीतर कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो. खेळ दिसायला देखणा नाही, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. पण तो चालतो.

किती चालतो ते २०१७मध्ये दिसलं. मिझोरमचा आयझॉल एफसी आधीच्या मोसमात घसरून आय-लीगबाहेर पडला होता. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धा सोडली म्हणून त्याला परत घेतलं गेलं. जमील यांनी येताना मुंबईचा जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे जुने शिष्य सोबत नेले. एप्रिलमध्ये मोहन बागानला १-० हरवलं, ३० तारखेला शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ बरोबरी साधली आणि ३७ गुणांनी आय-लीग जिंकली. बागान ३६वर राहिला. ईशान्येतल्या क्लबाचं हे पहिलं राष्ट्रीय लीग विजेतेपद.

एवढं करूनही इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) कायम मुख्य प्रशिक्षकपद मिळायला २०२१ उजाडावं लागलं. आधी नॉर्थईस्ट युनायटेडनं त्यांना हंगामी म्हणून उभं केलं, त्यांनी संघ उपांत्य फेरीत नेला, तेव्हा कुठे कायम केलं. या पदावरचे ते पहिले भारतीय. पुढे जमशेदपूरलाही त्यांनी २०२५मध्ये उपांत्य फेरीत आणि सुपर चषकाच्या अंतिम फेरीत पोचवलं.

राष्ट्रीय संघाबरोबरची सुरुवात झकास झाली. ताजिकिस्तानातल्या काफा (मध्य आशियाई फुटबॉल संघटना) नेशन्स चषकात यजमानांना २-१ हरवलं आणि ओमानवर पेनल्टींवर मात करून तिसरा क्रमांक मिळवला. मग ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून १-२ हार झाली, आशियाई चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१. बलाढ्य संघाला रोखणं त्यांना येतं; घरच्या मैदानावर बरोबरीच्या संघाचा बचाव फोडणं हे वेगळं काम आहे, आणि त्यात ते तेव्हा कमी पडले. मात्र त्याचा सगळा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही. गोल करणारा भारतीय आघाडीवीर आपल्या लीगमध्येच तयार होत नाही. क्लब त्या जागी परदेशी खेळाडू घेतात.

जमील यांना ही दारं उघडली ती प्रो परवान्यामुळेही. आयएसएलच्या मुख्य प्रशिक्षकाला हा आशियाई महासंघाचा सर्वोच्च परवाना लागतो. त्या शिडीची सुरुवातीची पायरी म्हणजे डी परवाना. त्यानंतर सी, बी, ए आणि मग प्रो. डीसाठी राष्ट्रीय संघातून खेळलेलं असावं लागत नाही. इतर खेळांत नाशिक जिल्ह्यानं कविता राऊतसारखी धावपटू दिली, इथल्याच चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ नौकानयनात रिओ ऑलिम्पिकपर्यंत गेला. आता फुटबॉलची पाळी: जिल्ह्यात शाळेच्या मैदानावर मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या क्रीडाशिक्षकांनी आणि खेळणं थांबलेल्या जिल्हा खेळाडूंनी पुढच्या डी शिबिराची जाहिरात निघाली की अर्ज जरूर भरावा.