एस्केटामीन नासाफवारा

इतर औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र अवसादावर (नैराश्यविकारावर) वैद्यकीय देखरेखीखाली नाकावाटे द्यावयाचे औषध. किमान दोन अवसादरोधी औषधे पुरेशा मात्रेत व पुरेसा काळ देऊनही उतार न पडल्यास अवसाद दुःसाध्य समजतात.

केटामीन हे १९६२ मध्ये संश्लेषित झालेले शुद्धिहारक होय. त्याचे रेणू दोन रूपांत असतात व ती एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असतात. त्यांपैकी एक एस्केटामीन. नेहमीच्या औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. एस्केटामीन मेंदूतील ग्लुटामेटाच्या एनएमडीए ग्राहींना अडविते आणि उतार एका दिवसातही दिसू शकतो. अमेरिकेत त्यास मार्च २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

मात्रा ५६ किंवा ८४ मिग्रॅ. असून पहिले चार आठवडे ती आठवड्यातून दोनदा देतात. रक्तदाब वाढणे, गुंगी, मळमळ, आपण शरीरापासून अलग झाल्याचा भास हे परिणाम बहुधा दोन तासांत ओसरतात. तोवर रुग्णास सोडत नाहीत. दुसऱ्या दिवसापर्यंत वाहन चालविणे वर्ज्य असते. जोगेश्वरीसारख्या उपनगरातील रोजंदारीवरच्या रुग्णास पहिल्याच महिन्यात अशा आठ खेपा कराव्या लागतील आणि सोबतच्या नातलगाचीही मजुरी बुडेल; औषधाची भारी किंमत निराळीच. व्यसनाच्या धोक्यामुळे भारतात केटामिनाच्या विक्रीवर कडक निर्बंध आहेत.

आत्महत्येचे विचार येणाऱ्या रुग्णाचा अवसाद फवाऱ्याने लवकर हलका होतो. तथापि त्यामुळे आत्महत्या टळतात, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून अशा रुग्णास रुग्णालयात दाखल करणे व विद्युत्-आघात चिकित्सेचा विचार करणे टाळता येत नाही.