मुलांचे अवधान आणि चिंता : वारसा व परिसर

वर्गात एखादे मूल सतत चुळबुळ करते; दुसरे नाव पुकारताच घाबरते. यात मुलाचा वा मातापित्यांचा दोष शोधणे उचित नव्हे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासानुसार, अवधानातील तीव्र उणिवेबाबत मुलामुलांत जो फरक दिसतो, त्याचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग आनुवंशिकतेशी निगडित असतो. चिंतेबाबत हे प्रमाण सुमारे ३० ते ५० टक्के आहे. तथापि वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे. उंचीही बहुतांशी आनुवंशिक असते. तरीही सकस आहाराने ती वाढते.

उंबरमाळी परिसरासह शहापूर व मुरबाड तालुक्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. मुलांची शाळा, सोबती व दिनक्रम तुटतो. रक्तक्षय, अपुरी झोप आणि घरातील ताण यांमुळेही अवधान ढळते. दृष्टीचा वा श्रवणाचा दोष तर हट्टीपणासारखा भासतो.

म्हणून शिक्षकांनी अशा मुलास पुढे बसवावे, काम लहान टप्प्यांत द्यावे व शिक्षा टाळावी. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून त्याची तपासणी करून घ्यावी. पंचायत सदस्यांनी स्थलांतरापूर्वीच हंगामी वसतिगृहासाठी पाठपुरावा करावा. वारसा बदलता येत नाही. परिसर बदलणे मात्र गावाच्या हाती आहे.